एकतीस नंबरच्या दोन प्रती

"दोन्ही कागदांवर एकतीस," मादाम सेरूस म्हणाली. "पन्नासातला एकतीस. यावरही आणि त्यावरही. एका आईला एकतिसावं मूल दोनदा कसं झालं, ते मला कुणीतरी समजावून सांगा."

कुणी हसलं नाही. टेबलावर चित्रकार मोर्वालच्या चित्राच्या दोन प्रती शेजारी शेजारी पडल्या होत्या. मधोमध काळी जाड शिळा आणि तिला चिरत गेलेली एक पांढरी फट, एवढंच ते चित्र. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ३१/५०, उजव्या कोपऱ्यात मोर्वालची सही. पन्नासच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर वेगळा आकडा, हा नियम; सगळ्या मादाम सेरूसच्या गॅलरीने विकल्या होत्या. ल्योंमधल्या एका दातांच्या डॉक्टरने एक घेतली, तिथल्याच एका वकिलाने दुसरी. दोघे मित्र. डॉक्टर वकिलाकडे जेवायला गेला आणि सूप तसंच टाकून भिंतीशी जाऊन उभा राहिला. तिथून हे प्रकरण आमच्या चित्रं छापायच्या कारखान्यात येऊन पोचलं.

आमचे मालक मस्यू ग्रिझो यांनी मोरीकडे पाहिलं. तिथे आन्सेल्म लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन हात धूत होता. मोठ्या प्रेसवर सव्वीस वर्षं तोच. या चित्राच्या पन्नासच्या पन्नास प्रती त्यानेच काढलेल्या. आमच्या धंद्यात छापणाऱ्याने चोरून एक जरी जादा प्रत काढली, तरी मग अख्ख्या पॅरिसात त्याला कुणी प्रेसच्या चाकाला हात लावू देत नाही. आन्सेल्म एकसष्ट वर्षांचा होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

"मी जादा प्रत काढलेली नाही," तो हात पुसत म्हणाला.

"मग ही आली कुठून?"

आन्सेल्म टॉवेलाची घडी घालत बसला. आणि नेमकं तेव्हाच मी तोंड उघडलं.

"मस्यू ग्रिझो, मार्चमध्ये दोन कागद कमी भरले होते. याच चित्राच्या वेळी. मी तेव्हाच बोलले होते तुमच्याशी."

खोटं नव्हतं ते. कागद माझ्याकडे. आदल्या दिवशी ते मोजून भिजवायचे, फळ्यांखाली दाबून ठेवायचे, सकाळी एकेक करून प्रेसवर द्यायचे, छापून आले की टीपकागदांत घालून वाळवायचे. एकोणीस वर्षं हेच करत होते. कागद ओला असावा पण रडका नसावा, हे बोटांना कळावं लागतं. आणि कागद कुठे जातात, हे मला कळावंच लागतं, कारण माझा स्वभावच संशयी आहे. मी लपवत नाही. माझा नवरा वरच्या मजल्यावरच्या बाईकडे मीठ मागायला जायचा. घरात मिठाचा डबा भरलेला असताना. मला संशय आला, सगळे म्हणाले, फेर्नांद, तुला कावीळ झालीय, तुला जग पिवळं दिसतं. पुढे तो तिच्याबरोबर तुलूझला पळून गेला. तेव्हापासून मी माझ्या संशयाचं ऐकते.

आणि आन्सेल्मवर तर तीन वर्षं माझी नजर होती. दर गुरुवारी दुपारी मोर्वाल यायचा. ऐंशीला टेकलेला, उंच, हात कायम पाठीमागे बांधलेले. पूर्वी सगळ्यांच्या देखत काम चालायचं. मोर्वाल ओरडायचा, आन्सेल्म उलट ओरडायचा, मग दोघे कोपऱ्यावर जाऊन वाइन प्यायचे. तीन वर्षांपूर्वी आन्सेल्मने गुरुवारी दार लावून घ्यायला सुरुवात केली. "म्हाताऱ्याला गडबड सोसत नाही," म्हणाला. जो माणूस जन्मभर स्वतःच गडबड होता, त्याला! कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. पाणी मुरण्यातलं माझ्याइतकं कुणाला कळणार?

मी दाराला कान लावला. हो, लावला.

"डावीकडे?" मोर्वालचा आवाज.

"डावीकडे पातळ. उरलेल्या कॉफीसारखा."

"आणि फटीच्या काठाला?"

"तिथे डांबर. चिकटेल बोट."

"मग डावीकडे शाई पुसू नकोस इतकी."

यातलं काही मला पटेना. चित्रकार आणि छापणारा असं बोलत नाहीत. कागद समोर धरतात, एकजण बोट दाखवतो, दुसरा मान हलवतो, संपलं. वर्णनं करत कुणी बसत नाही. ही दोघांची काहीतरी सांकेतिक भाषा आहे, असं मी ठरवून टाकलं. शिवाय मोर्वालचं कामही बदललं होतं. तो आता तांब्यावर सुईने ओरखडत नव्हता. डिंकात धार लावायच्या कुरुंद दगडाची भुकटी कालवायची, हातानेच पत्र्यावर थापायची, वाळली की ती दगडासारखी होते आणि शाई धरते. कागदावर असा उठाव यायचा की आंधळ्यालाही कळावा. वर्तमानपत्रांनी लिहिलं, मोर्वालच्या कलेचं नवं पर्व. मी म्हटलं, म्हातारा आळशी झालाय.

"मस्यू मोर्वालना बोलावू," ग्रिझो म्हणाले. "कुठली सही त्यांची आणि कुठली नाही, ते त्यांनाच विचारू."

"त्यांना यात ओढू नका," आन्सेल्म पटकन म्हणाला. इतका वेळ दगडासारखा गप्प, आणि आता हे. चोराच्या मनात चांदणं!

"का ओढू नये?" मादाम सेरूसने विचारलं.

"छाती भरलीय त्यांची. खोकला आहे."

"मग कागद त्यांच्या घरी पाठवू. मादाम फेर्नांद, तुम्ही जाल?"

जाईन का? मी धावत गेले असते. ग्रिझोंनी आन्सेल्मला ॲप्रन खुंटीला लावून घरी जायला सांगितलं. शुक्रवारी दुपारी पुन्हा बसायचं ठरलं. जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला.

"फेर्नांद, तू नको जाऊस."

"तुला कसली भीती आहे?"

"तुझी," तो म्हणाला आणि गेला.

गुरुवारी सकाळी मी दोन्ही प्रती माझ्या पद्धतीने बांधल्या. प्रत्येकीवर जाड टीपकागद, वर पुठ्ठा, मग फीत. मोर्वाल चौथ्या मजल्यावर राहायचा. दार त्यानेच उघडलं. गळ्याला मफलर, गालावर दाढीची खुंटं. आणि आत स्वयंपाकघरात कोण? बाह्या वर सारून कांद्याच्या पाती चिरत आन्सेल्म उभा!

वा, म्हटलं मनात. आरोपी साक्षीदाराचं सूप करतोय. ग्रिझोंना हे सांगायला माझी जीभ वळवळायला लागली.

"या, या, मादाम फेर्नांद," मोर्वाल म्हणाला. "कागदांचा वास आला म्हणजे तुम्हीच. आन्सेल्म म्हणाला, काहीतरी किरकोळ भानगड आहे आकड्यांची. दाखवा."

मी खिडकीजवळच्या टेबलावर फीत सोडली, पुठ्ठा उचलला आणि चष्मा काढायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात मोर्वाल पुढे आला. हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून तो वाकला. बराच वेळ पाहत राहिला.

"हं," तो म्हणाला. "काळा छान बसलाय. भरदार. आन्सेल्म, या वेळी तू हात राखून पुसलास."

मी टेबलाकडे पाहिलं. चित्रावरचा टीपकागद मी अजून काढलेलाच नव्हता. मोर्वालच्या नाकासमोर पांढराफटक कोरा कागद होता.

मी वर पाहिलं तर आन्सेल्म दारात सुरी घेऊन उभा. डोकं हलवत होता. नको, नको, अशी त्याची मान चालली होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर असली विनवणी मी कधी पाहिली नव्हती.

"हो, मस्यू मोर्वाल," मी म्हटलं. "काळा खरंच छान आहे." आणि आवाज न करता टीपकागद सरकवला.

त्याने दोन्ही हात पाठीमागून पुढे आणले. अंगठे कागदाच्या कडेवरून फिरत गेले, पत्र्याच्या दाबाने कागदाला पडलेल्या खाचेपाशी थांबले, मग काळ्या खडबडीत उठावावर चढले. त्याचे डोळे खिडकीकडे होते.

"हा माझाच. कोण म्हणतं नाही म्हणून? आणि दुसरा? हाही माझाच." तो हसला. "सूप घेऊन जा, मादाम. आन्सेल्म मीठ कमी घालतो, पण पिववतं."

मी सूप प्यायले. मीठ खरंच कमी होतं. कुणाचीही नजर चुकवायची गरज नव्हती तरी मी खाली मान घालून प्यायले.

आन्सेल्म मला सोडायला जिन्यात आला. दुसऱ्या मजल्यावर मी थांबले.

"कधीपासून?"

"तीन वर्षं. कडेने थोडं दिसतं. मधोमध नाही. उजेड, अंधार कळतो."

"म्हणजे त्या सगळ्या प्रती... पहिल्या प्रतीवर 'छापायला हरकत नाही' लिहून सही तेच करतात ना? न बघताच?"

"बोटाने बघतात. रंग मी सांगतो."

"म्हणजे ठरवतोस तू!"

"मी सांगतो. ठरवतात ते."

"आन्सेल्म, मग चित्र कुणाचं? त्यांचं की तुझं?"

त्याने कठडा घट्ट धरला. "माझं? मी पत्र्यावर शाई लावून फडकं मारतो, फेर्नांद. सव्वीस वर्षं फडकं मारतोय, आणि मला एक रेघ सुचलेली नाही. त्यांना झोपेतही सुचते. परत असलं विचारू नकोस."

मला ते पूर्ण पटलं नाही, आजही पटत नाही. पण विचारलं नाही.

"एकतीस दोनदा कसं झालं?"

"सही करताना मी खाली पट्टी ठेवतो, आकडा सांगतो, ते लिहितात. त्या दिवशी शाईवाला आला, मी दाराशी गेलो. ते थांबले नाहीत, एकट्यानेच पुढचा कागद ओढला. पुन्हा एकतीस लिहिलं, आणि मी येऊन पुढचा तेहतीस सांगितला. बत्तीस कुठेच नाही, शोध पाहिजे तर."

"तुला कळलं नाही?"

"कळलं ना. संध्याकाळी चाळताना. खोडून घ्या म्हटलं असतं तर त्यांना समजलं असतं की मी मागून प्रत्येक आकडा तपासतो. कसं सांगणार? म्हटलं, पन्नास घरांत जातील, कोण कुणाचं बघतंय." तो किंचित हसला. "वकील आणि डॉक्टर जेवायला एकत्र बसतील हे कुठे माहीत होतं!"

"आणि मार्चमधले दोन कागद?"

"शाईचा हात टेकला त्यांचा. पूर्ण पंजा उठला, दोन्हींवर. बाकीच्यांनी पाहू नये म्हणून कोटात घालून घरी नेले आणि शेगडीत घातले."

मी माझ्या तोंडाने ज्या दोन कागदांची चोरी त्याच्या माथी मारली, ते हे.

"मग सांग ना सरळ! बत्तीस नंबरच नाही, म्हातारा माणूस चुकला, झालं. ते आंधळे आहेत हे कशाला सांगायचं?"

"आणि सेरूस काय करेल? त्यांना गॅलरीत बोलावेल. चार लोकांसमोर पेन्सिल हातात देईल. म्हणेल, मस्यू मोर्वाल, एवढं एकाचं दोन करा. फेर्नांद, त्यांना तो आकडा सापडणार नाही. कागदावर चाचपडत राहतील सगळ्यांसमोर." त्याने जिन्यातून वर पाहिलं. "मग तीन वर्षांच्या सगळ्या सह्यांवर लोक संशय घेतील. आणि ते काम थांबवतील. गुरुवारसाठी जगतात ते. माझ्या नोकरीची दोन-तीन वर्षं राहिली होती, ती गेली तर गेली."

एवढं बोलून तो वर गेला. सूप उतू जाईल म्हणाला.

बांधकामांच्या धुळीतून मी चालत निघाले. कोपऱ्यावरच्या कॅफेत शिरले, मागच्या टेबलावर बसले, कॉफी आणि पाव मागवला. जेवणाची वेळ टळून गेली होती, आत दोन गवंडी पत्ते खेळत होते. आन्सेल्मला वाचवायचं तर दुसऱ्या कुणालातरी बुडवायला हवं होतं, आणि मला संशय घ्यायची सवय असली तरी त्या क्षणी एकच नाव सुचलं. रागही आला मला, दोघांचाही. एवढी वर्षं एका छपराखाली राहून मला कुणी काही सांगितलं नाही म्हणून. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हेही माहीत होतं.

मी एक प्रत बाहेर काढली. पावाच्या पोटातला मऊ गर काढून त्याची गोळी केली आणि ३१ या आकड्यावर हलक्या हाताने फिरवली. लहानपणी शाळेत आम्ही असंच खोडायचो. पेन्सिल उतरली. बोट पाण्यात बुडवून तिथे टेकवलं, कागद जरा फुगू दिला, वाळू दिला. मग पिशवीतली माझी पेन्सिल काढली. चित्रकाराच्या पेन्सिलीच्या जागी दुसऱ्या कुणी पेन्सिल टेकवणं म्हणजे आमच्याकडे पाप. तरी टेकवली. पुन्हा ३१ लिहिलं. मोर्वालच्या आकड्यासारखं दिसेल असं, पण नीट पाहणाऱ्याला कळेल असं.

शुक्रवारी टेबलाभोवती सगळे जमले. आन्सेल्म कोट न काढता बसला होता, निरोपाला आल्यासारखा.

"मस्यू मोर्वालनी दोन्ही सह्या आपल्याच म्हटल्या," मी सुरुवात केली. "त्या त्यांच्याच आहेत. पण एक आकडा माझा आहे."

"म्हणजे?" ग्रिझोंनी विचारलं.

"बत्तीस नंबरवर माझ्या स्पंजचं पाणी पडलं. आकडा फिसकटला. मी घाबरले. खोडून पुन्हा लिहिला, आणि घाईत एकतीस लिहून बसले. बत्तीस नंबर कुणाकडे आहे का ते विचारून बघा. नसणार."

मादाम सेरूसने भिंग काढलं. एक प्रत उजेडात तिरकी धरली. मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"खोडलंय," ती म्हणाली. "कागद फुगलाय. आणि हा आकडा त्यांचा नाही."

"आणि मार्चमधले दोन कागद?" ग्रिझो.

"तेही मीच नासवले. पाणी जास्त झालं. घरी नेऊन जाळले."

"आणि सोमवारी याच टेबलावर तुम्ही आन्सेल्मकडे बोट दाखवलंत?"

"दाखवलं."

"स्वतःचं पाप त्याच्या गळ्यात बांधलंत?"

"हो."

ग्रिझो चांगले गृहस्थ. युद्धाच्या काळात स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याला वाढलेलं माणूस. त्यांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. आन्सेल्म अर्धवट उठला. "मस्यू ग्रिझो, ही..." एवढं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. डोकं हलवलं. कालच त्याच्याकडून शिकले होते. तो पुन्हा खाली बसला, आणि ते बसणं त्याला किती जड गेलं ते मला दिसलं.

खराब झालेली प्रत छापणाऱ्यानेच फाडायची असते. ग्रिझोंनी ती आन्सेल्मपुढे सरकवली. मोर्वालने खरंच सही केलेली, खरीखुरी, चांगली प्रत. आन्सेल्मने ती उभी फाडली, मग आडवी. जाड कागद, आवाज मोठा झाला.

मला काढून टाकलं नाही. त्यांना हवा तसा कागद भिजवणारं दुसरं कुणी मिळेना, आणि मला एकोणसाठाव्या वर्षी दुसरं कोण ठेवणार? पण मादाम सेरूसने अट घातली: तिचं काम चालू असेतो मादाम फेर्नांदची पिशवी रोज जाताना दाराशी उघडून पाहायची. सोमवारी संध्याकाळी बायका-पुरुष सगळे रांगेने बाहेर पडत होते. कालपर्यंत ज्यांच्या पिशव्यांकडे मी चोरून बघायचे, ते आता माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी दाराजवळच्या टेबलावर पिशवी ठेवली, चेन ओढली. ग्रिझोंना लाज वाटत होती, पण त्यांनी पाहिलं. कंगवा, किल्ल्या, अर्धा पाव, डोकेदुखीच्या गोळ्या.

माझ्या मागून आन्सेल्म आला. त्याच्या हातात डब्याची जुनी कातडी पिशवी होती. त्याने ती माझ्या पिशवीशेजारी ठेवली, बंद सोडवला आणि तोंड पूर्ण उघडून धरलं.

"तुमची कशाला, आन्सेल्म?" ग्रिझो म्हणाले. "तुमची नको."

"बघा," आन्सेल्म म्हणाला, आणि ग्रिझो आत डोकावेपर्यंत तो तिथून हलला नाही.